श्वासाचा अभ्यास

मास्तरांनी आयुष्यात एकदाही नापास होण्याची चैन केली नव्हती, आणि आज नेमकं तेच ताईच्या मुळावर आलं होतं.

ताई रेडिएशनच्या मशीनवरची तंत्रज्ञ. मास्तर तिचे आजचे अकरावे पेशंट, आणि पाय आपलेच आहेत की कुणी ठेवायला दिलेत, याची तिला खात्री राहिली नव्हती. मास्तरांच्या यकृतात गाठ होती. माणूस श्वास घेतो तसं यकृत खालीवर होतं आणि गाठही त्याच्याबरोबर फेऱ्या मारते. म्हणून आठ दिवसांपूर्वी, मास्तर आपल्या नादात श्वास घेत पडलेले असताना, स्कॅन काढून गाठीच्या येण्याजाण्याचा नकाशा केला होता. आता पोटावर एक प्लॅस्टिकची डबी ठेवायची, कॅमेऱ्याने तिचं हलणं टिपायचं आणि पडद्यावरची लाट हिरव्या पट्ट्यात आली की तेवढ्यापुरता किरण सोडायचा. लाट बाहेर, किरण बंद.

घोटाळा असा की, श्वासावर सगळं अवलंबून आहे, असं कुणीतरी मास्तरांना सांगून ठेवलं. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला असलं काही सांगू नये. त्यांनी आठवडाभर घड्याळ लावून सराव केला. मास्तरीणबाई उशाशी बसून आकडे म्हणायच्या. आता त्यांचं पोट कवायत करत होतं. चार सेकंद वर, चार सेकंद खाली. लाट देखणी होती, फक्त दुसऱ्याच कुणाची तरी होती. ताज्या चित्रात गाठ ठरल्या जागेपासून दीड सेंटिमीटर खाली, आतड्याच्या शेजाराला जाऊन बसली होती.

"नेहमीसारखा श्वास घ्या, मास्तर," ताई माइकवरून म्हणाली.

नेहमीसारखा श्वास घेण्यासाठी मास्तरांनी कंबर कसली. लाट आणखी उंच गेली.

शेजारी बसलेल्या, किरणांचं मोजमाप बघणाऱ्या फिजिसिस्टला सगळे मिलिमीटर म्हणत, कारण तेवढ्याशा फरकावरूनही तो भांडू शकायचा. नेहमीसारखा श्वास म्हणजे नक्की कसा, हे त्याने स्वतः घेऊन पाहिलं आणि दोन मिनिटांत त्यालाच धाप लागली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर अर्ध्या तासाची मुदत दिली. नाहीच जमलं तर पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी, म्हणजे आणखी दहा दिवस. काविळीपायी आधीच महिना गेला होता, आणि गाठ काही रजेवर नव्हती.

ताईने गप्पा मारून पाहिल्या. मास्तर उत्तरंही श्वास सोडण्याच्या वेळेतच बसवू लागले. डोळे मिटायला सांगितलं, तर ओठ हलायला लागले. ते मनातल्या मनात मोजत होते.

अर्धा तास संपला. ताईकडे गोड शब्दांचा साठाही संपला.

"मास्तर, नाही जमलं. नापास."

मिलिमीटरने कपाळाला हात लावला.

आत मास्तरांचे ओठ मोजायचे थांबले. मग मास्तर म्हणाले, "खरंच?"

"खरंच."

"बरं."

त्यांनी एक सुस्कारा टाकला. चाळीस वर्षांचा तरी असावा. त्यानंतरची लाट बुटकी, वाकडीतिकडी, मध्येच थबकणारी निघाली. अगदी गबाळी. आठ दिवसांपूर्वीचीच. मिलिमीटर खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला, कारण पूर्ण उठण्याची त्याला भीती वाटली. पुन्हा चित्र काढलं. गाठ जागेवर होती. धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा पाहून मान हलवली.

"मास्तर, मशीन सुरू करतेय. तुम्ही काहीच करायचं नाही. मार्क नाहीत."

"मग मी काय करू?"

"पडून राहा."

"हे आधी सांगायचं होतं, बाई."

हे आधी सतरा वेळा सांगितलं होतं, हे सांगायचं त्राण ताईत नव्हतं. तिने बटण दाबलं. किरण सुटायचा, थांबायचा, पुन्हा सुटायचा. लाटेच्या एकेका गचक्याने काम पुढे सरकत होतं.

तीन चतुर्थांश डोस गेला आणि मास्तर घोरायला लागले. लाट उसळली, किरण बंद.

आता त्यांना उठवायचं होतं, पण शहाणे होतील इतकं नाही. ताईने माइक जवळ ओढला आणि झोपलेल्या माणसाची चादर सारखी करावी तेवढ्याच आवाजात म्हणाली, "मास्तर."

घोरणं थांबलं. मास्तरांनी कूस बदलल्यासारखा एक श्वास घेतला, मग दुसरा. ताई आणि मिलिमीटर पडद्याकडे बघत राहिले.

तिसऱ्या श्वासाला किरण सुटला.