मशीनखोलीत सर्व ठीक

तारवाल्या काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पडद्याच्या इतकं जवळ तोंड नेलं, की मागे उभ्या असलेल्या मॅडमना हसू आलं.

"काका, वास घेताय का?"

"चोर पकडायचा तर जवळ जायलाच हवं," काका म्हणाले.

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या कंपनीत नेटवर्कचं सगळं काम काकांकडे होतं. सामायिक फोल्डरांपैकी कोणतं, कुठल्या कंप्युटरवरून उघडलं जातंय, हे तळमजल्यावरच्या त्यांच्या पडद्यावर दिसायचं. गेल्या महिन्यात एक पुस्तक छापायच्या आधीच बाहेर फुटलं, तेव्हापासून मॅडमनी फर्मान काढलं होतं. ज्याचा ज्या फोल्डरशी संबंध नाही, त्याला तिथे प्रवेश नाही.

"हे बघा." मॅडमनी बोट ठेवलं. "चित्र-४. चित्रं काढणाऱ्यांचं तुमच्या मशीनखोलीच्या फोल्डरमध्ये काय काम? रोज सकाळी उघडलेलं दिसतंय. आहे काय त्यात?"

"डोंबल. मशीनखोली किती थंड आहे, ते मी रोज लिहून ठेवतो. 'एकवीस अंश, सर्व ठीक.' कुत्रंही विचारत नाही त्या फाइलला."

"कुणीतरी विचारतंय. संध्याकाळपर्यंत बंद करा. कुणाला ठेवायचंच असेल तर मला कारण सांगा."

मॅडम गेल्या. काका बसल्या जागी खिळले. चित्र-४वर कोण बसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तिथे त्यांची मुलगी बसायची.

दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, आणि काकांनी रागाच्या भरात 'तू मला मेलीस' म्हणून एक घाव दोन तुकडे केले. बायको असती तर तिने दोघांचे कान धरून एका ताटात जेवायला बसवलं असतं, पण ती त्याआधीच गेली होती. आता बाप तळमजल्यावर, लेक चौथ्यावर. ती लिफ्टने जायची म्हणून काका मागच्या जिन्याने जायचे. राग केव्हाच विरला होता, पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो!

तरी काका तिला रोज बघत होते, आपल्या परीने. चित्र-४ने 'हत्ती' उघडला, की आली पोर. दुपारी 'माकड-टोपी' नुसतंच उघडं पडलं, की जेवायला गेली. एकदा ती 'आजोबा-चष्मा' नावाच्या फाइलवर कितीतरी दिवस अडून राहिली, तेव्हा काकांनी नकळत स्वतःच्या चष्म्याला हात लावून पाहिला होता. चित्रांच्या फोल्डरवरून त्यांची नजर हलायची नाही. स्वतःच्या फोल्डरकडे ते कशाला बघतील? दिव्याखाली अंधार.

त्यांनी मागच्या नोंदी काढल्या. हृदयाच्या ऑपरेशननंतर काका कामावर परतले, त्या सकाळी चित्र-४ने ती फाइल पहिल्यांदा उघडली होती. त्याआधी कधीच नाही. मग एका दिवशी दाढ ठणकत होती म्हणून ते दुपारी उगवले होते. त्या दिवशी चित्र-४ने फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली, सकाळभर तेच. दुपारी काकांची ओळ पडली. त्यानंतर एकदा उघडली, आणि मग दिवसभर नाही.

हॉस्पिटलात दाराकडे डोळे लावून पडलो होतो, ती आली नाही म्हणून मनातल्या मनात काय काय बोललो पोरीला!

मॅडमना कारण सांगून चित्र-४ची वाट मोकळी ठेवणं काही अवघड नव्हतं. मग सगळं असंच चाललं असतं. आपण हत्ती बघायचा, तिने अंश बघायचे, आणि एके सकाळी ओळ पडायची नाही. दुसरी वाट म्हणजे फोल्डर बंद करायचं, आणि तिथे कामी येणार होता काकांचा जुना नियम. फोल्डर उघडेना झालं, की ज्याने त्याने खाली येऊन सांगायचं, फोन चालणार नाही. सगळी कंपनी या नियमापायी त्यांना नावं ठेवायची.

आणि ती आलीच नाही तर? होता तेवढा धागाही तुटला. तरी काकांनी चित्र-४ला फोल्डर बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते लवकर आले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचं तारांचं भेंडोळं उचलून खाली ठेवलं, खुर्ची पुसली. 'एकवीस अंश, सर्व ठीक' लिहिलं आणि पडद्यासमोर बसले.

चित्र-४ने आज हत्ती उघडला नाही. आधी मशीनखोलीचं फोल्डर. उघडलं नाही. पुन्हा. पुन्हा. मग काहीच नाही. चित्रांच्या फोल्डरमध्येही सामसूम. काकांचे कान लिफ्टकडे लागले. लिफ्ट आली, त्यातून दोघं बोलत बाहेर पडले आणि निघून गेले.

पावलं वाजली ती मागच्या जिन्यावर. कुणीतरी धावत उतरत होतं.

ती दारात उभी राहिली. तिला धाप लागली होती. काकांना तिने नखशिखांत पाहून घेतलं.

"माझं एक फोल्डर उघडत नाहीये."

"कोणतं?" काकांनी विचारलं. मान वळवायचा धीर होईना.

ती पडद्याकडे बघत होती. तिथे साऱ्या कंपनीतल्या दुसऱ्या कुणाचंच काही नव्हतं. वरपासून खालपर्यंत चित्र-४. हत्ती, माकड-टोपी, आजोबा-चष्मा, हत्ती, हत्ती.

"हत्ती झाला का गं पुरा?" काकांनी विचारलं.

"सोंड जमत नाहीये, बाबा," ती म्हणाली, आणि पुसलेल्या खुर्चीवर बसली.