डाव्या पायातलं कडं

धक्क्यासमोरच्या खांबावर कुरव, म्हणजे सीगल, एका पायावर उभा होता, आणि तो नेमका नको तो पाय होता.

“उजवाच,” दुर्बिणीतून डोळा न काढता सासरे म्हणाले. “डावा घेतलाय पोटाशी. मुद्दाम करतो हा.”

“बाबा, श्वास रोखा.”

सुनेचा कॅमेरा धक्क्याच्या कठड्यावर टेकलेला होता आणि सासऱ्यांचं कोपरही. त्यांनी श्वास घेतला की फोटो हले. शिवाय तिची सवयच ती. दवाखान्यात एक्स-रे काढताना दिवसभर ती माणसांना हेच सांगत असे.

कुरवाच्या डाव्या पायात पिवळं कडं होतं, पक्ष्यांच्या अभ्यासकांनी घातलेलं, चार आकड्यांचं. आकडे कळवले की हा पक्षी कुठला, ते सांगणारं एक कार्यालय होतं. गेल्या हिवाळ्यातही पिवळ्या कड्याचा एक कुरव याच खांबावर बसायचा. हा तोच, असं सासऱ्यांचं ठाम म्हणणं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. वेळेवर येणाऱ्याला ते ओळखत.

त्यांचा कॅरममधला जोडीदार, औषधाच्या दुकानाचा मालक, हे मानायला तयार नव्हता. सासरे त्याला गोळीवाला म्हणत.

“अरे घड्याळ्या, कुरव सगळे सारखेच. पिवळी कडी काय एकट्यालाच घालतात?”

“लाव पैज.”

तोच पक्षी आहे हे सिद्ध झालं, तर गोळीवाल्यानं वर्षभर दर रविवारी सकाळी सहाला धक्क्यावर यायचं. नाही झालं, तर सासऱ्यांनी कॅरमवर पुन्हा पक्ष्याचं नाव काढायचं नाही. गोळीवाल्याला नऊच्या आत उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि सासऱ्यांना पक्ष्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. दोघांच्याही जिवावरचीच पैज.

गेल्या वेळी थंडी संपताच तो कुरव गेला होता. उन्हाळ्यात सासरे-सुनेनं खंड्याचे फोटो काढले, पावसाळ्यात खांबांवर पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्यांचे. सासरे मात्र मधूनमधून रिकाम्या खांबाकडे बघून घेत. पाऊस सरला आणि एका सकाळी तिथे पांढरं डोकं दिसलं, कानामागे काळा ठिपका, पायात पिवळं कडं. सासऱ्यांनी टाळी वाजवली. कुरव उडाला. सून दोन दिवस त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

आता त्याचं डोकं तपकिरी होऊ लागलं होतं. पूर्ण रंगलं की तो जाणार. हातात फार तर दहा दिवस. फोटो मात्र सगळे अर्धवट: कधी एक आकडा, कधी दोन, चार कधीच नाही. वाया गेलेले फोटो सून रोज संध्याकाळी पुसून टाकी.

त्याच दुपारी मनगट धरून एक सुतार एक्स-रेच्या खोलीत आला.

“एकच काढा ना, ताई. काम उघड्यावर टाकून आलोय.”

“एकावर भागत नाही, दादा. हाड गोल असतं. समोरून एक, बाजूनं एक, मग दोन्ही मिळून वाचायचं. एकाच फोटोत सगळं कधी...”

ती तिथेच थांबली.

“काय झालं?” सुताराचा चेहरा उतरला. “मोडलंय का?”

“छे हो! कडंसुद्धा गोलच आहे!”

“कुठलं कडं?”

घरात शिरताच ती म्हणाली, “बाबा, आपण मूर्ख आहोत.”

“आपण म्हणजे कोण कोण?”

तिनं सांगितलं. एका बाजूनं दोनच आकडे दिसणार. चारही एका फोटोत येणं शक्यच नाही. वेगवेगळ्या बाजूंचे फोटो जोडायला हवेत. मग तिला आठवलं. “आणि ते तर मी पुसले हो.”

सासऱ्यांनी कॉम्प्युटर लावला. ‘मोडके’ नावाखाली अकराशे बारा फोटो होते, दोन हिवाळ्यांचे.

“तू स्वयंपाकघरात गेलीस की उतरवून घ्यायचो. घड्याळातला स्क्रू फेकायचा नसतो, पोरी. कुठे लागेल सांगता येत नाही.”

डोळ्याला जुनं भिंग लावून ते पडद्याला नाक टेकून बसले.

“बाबा, ते तिथल्या तिथे मोठं करता येतं.”

“माहीत आहे. मला असंच दिसतं.”

यंदाच्या एका फोटोत तीन आणि आठ. दुसऱ्यात आठ आणि एक. तिसऱ्यात एक आणि सहा, आणि सहाच्या पुढे कोरी जागा, म्हणजे आकडा तिथेच संपत होता. तीन हजार आठशे सोळा. मग गेल्या हिवाळ्याचे फोटो उघडले, तेव्हा सासऱ्यांनी भिंग काढून ठेवलं.

“हे तू वाच. मला जे हवंय तेच दिसेल.”

ती वाचू लागली. “तीन, आठ. आठ, एक. एक, आणि... सहा की शून्य? हललाय.” पुढचा. कुरवानं पाठ फिरवलेली. पुढचा. एकच पाय, उजवा. त्याच्या पुढचा.

“सहा. पुढे कोरी जागा.”

सासरे खुर्चीत ताठ बसून होते.

“बाबा,” ती म्हणाली, “सोडा आता श्वास.”

तीन दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं. डोंगरांपलीकडच्या एका तळ्यावर सहा वर्षांपूर्वी कडं घातलेलं, तेव्हा पक्षी पूर्ण वाढलेला. उत्तर छापून सासऱ्यांनी कॅरमच्या पटावर सोंगट्यांऐवजी मांडलं.

रविवारी सहाला गोळीवाला आला, पायजम्यावर स्वेटर आणि चेहऱ्यावर सुतक. कुरव खांबावर होता, डोकं पूर्ण रंगलेलं, आणि आता गरज नसताना दोन्ही पाय खाली.

“हाच का तो?”

“हाच.”

गोळीवाल्यानं दुर्बीण मागून घेतली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“काय रे घड्याळ्या, नर की मादी?”

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं पाण्याकडे.

“ते नुसतं बघून सांगता येत नाही.”

“म्हणजे दोन वर्षं ‘हा आला, हा गेला’ चाललंय ते कशाच्या जोरावर?”

“आण ती दुर्बीण इकडे,” सासरे म्हणाले.

गोळीवाल्यानं दिली नाही.