गच्चीवरची चार आळी

मे महिन्यात अवकाळीची एकच सर आली आणि माझ्या खोलीच्या छताला भाकरीएवढा ओला डाग पडला. लगेच माझा लेक संघपाल मिस्त्री घेऊन हजर. मिस्त्रीनं खालूनच काठीनं दोनदा ठोकलं आणि निकाल दिला, "स्लॅब गेला, मावशी. तीस वर्षांचं काम. पाडावंच लागंल."

संघपालला तेवढंच पाहिजे होतं. "आई, आता हट्ट नको. महिनाअखेरीला टेम्पो आणतो. ह्या घराला कुलूप लाव आणि बीड बायपासला आमच्या फ्लॅटवर चल."

"गच्चीवर कोण चढलं?" मी विचारलं.

दोघंबी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"न चढताच कळलं व्हय? डॉक्टरबी आधी नाडी धरतो."

ह्या स्लॅबची घमेली मी माझ्या डोक्यावर वाहिलीत. शाळा दुसरीपर्यंतच, पण वीस वर्षं बांधकामावर राबले. पाणी शिरतं एकीकडं आणि टपकतं भलतीकडं, हे मला कुणी शिकवायला नको. पदर खोचला, जिना चढले. पाणी जायच्या पाईपात अडकलेला पाला काढला. मग नवा स्लॅब भिजवायला मातीचे बांध घालून आळी करतात, तशी चार आळी केली. रोज एक भरायचं आणि खाली छत बघायचं. जे भरल्यावर डाग ओला होईल, तिथंच दुखणं.

"नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि तू गच्चीवर ओततीस?" संघपाल ओरडला.

"धुण्याचं हाय. तुझं काय जातं?"

शेजारच्या वहिदानं आपल्या धुण्याच्या पाण्याच्या बादल्या वर आणून दिल्या. "छत पे धान लगारे क्या, मनकर्णाबाई?"

"हां, पिकू दे. पहिला भात तुलाच."

तीन दिवस तीन आळी भरली. छत कोरडं. चौथ्या दिवशी कोपऱ्यातलं भरलं आणि दुपारपर्यंत डाग पुन्हा ओला. त्या कोपऱ्यात झेंड्याचा पाईप होता. एप्रिलात, जयंतीला, गल्लीत सगळ्यात उंच झेंडा आपलाच पाहिजे म्हणून मीच पोरांच्या मागं लागले होते. त्यांनी ड्रिलनं स्लॅबला चार भोकं पाडून बोल्ट आवळले, आणि मी शेजारी उभी राहून "अजून घट्ट" म्हणत होते.

संघपाल हसला. "म्हणजे गळती तूच लावलीस."

"व्हय, मीच. माझ्या घराला भोकं मी पाडली, बुजवीनबी मीच. तू तर चार भोकांपायी आख्खं घर पाडायला निघालास."

बोल्ट काढले, भोकं साफ केली, सिमेंट भरलं, आठ दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवलं. पाईप कठड्याच्या भिंतीला बाहेरून पट्ट्यांनी आवळला. झेंडा आता पहिल्यापेक्षा वीतभर उंचच हाय. मग तेच आळं पुन्हा काठोकाठ भरलं.

दोन दिवसांनी टेम्पो दारात आला. मी संघपालला खोलीत नेऊन खुर्चीवर चढवलं. "लाव हात."

त्यानं छतावरून तळहात फिरवला, बघितला. कोरडा. उतरला आणि खाली बघत म्हणाला, "पण आई, तू इथं एकटी…"

"मग तसं सांग की! स्लॅबला कशाला नावं ठेवतोस?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.

"त्याला चहा पाज आणि टेम्पो रिकामाच धाड," मी म्हणाले. "आणि एवढीच काळजी असंल तर तूच ये राहायला. छत गळत नाय."