नावावर उभी केलेली भिंत

साक्षी बिऱ्हाडे वडिलांना डोळ्यांच्या दवाखान्यातून घेऊन जळगावात मेहरूणला घरी आली, चप्पल काढते न काढते तोच धुळ्याहून फोन आला. बाईचा आवाज होता, घाईतला. "मॅडम, कुठपर्यंत आलात? तुमची माणसं कालपासून इथं आहेत. तुम्हीच तेवढ्या दिसल्या नाहीत."

साक्षीला वाटलं चुकीचा नंबर लागला. तिनं तसं सांगितलंही. पण त्या बाईनं तिचं पूर्ण नाव घेतलं. ती वृषाली होती, धुळ्याच्या एका महिला संस्थेची कार्यकर्ती. बचत गटांचा मोठा मेळावा होता, दुपारी सुरू होणार होता. मैदानावर मोठी एलईडी वॉल उभी करायची तर परवानगीसाठी प्रमाणित तंत्रज्ञ लागतो, आणि तुमच्या मालकांनी तुमचंच नाव दिलंय, असं वृषाली म्हणाली. मग तिनं व्हॉट्सॲपवर एक फोटोही पाठवला.

फोटो बघताना साक्षी उभीच होती. मग ती हळूच ओट्यावर बसली. दोन उंच खांब, वर आडवा धातूचा सांगाडा, म्हणजे ट्रस, आणि त्याला टांगलेली काळी वॉल. एवढी मोठी वॉल तिनं उघड्यावर कधी उभी केली नव्हती, दुसऱ्या कुणी केलेलीही पाहिली नव्हती. वॉलच्या खाली, अगदी पायथ्याशी, रंगीबेरंगी पातळं नेसलेल्या बायका बसलेल्या होत्या. सावली तिथंच होती.

हितेंद्रभाऊंच्या फर्ममध्ये ती चार वर्षं होती. लग्नं, जयंत्या, कंपन्यांचे कार्यक्रम, जिथं आवाज आणि पडदा लागेल तिथं ही फर्म जायची. केबल गुंडाळण्यापासून साक्षीनं सुरुवात केली होती. मग पुण्याला जाऊन तिनं या धंद्यातल्या कामाची परीक्षा दिली. पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास. जळगाव-धुळ्याच्या साउंडवाल्यांमध्ये तसं प्रमाणपत्र असलेलं माणूस शोधूनही सापडलं नसतं. भाऊंनी पेढे वाटले होते. त्यानंतर फर्मला मोठी कामं मिळायला लागली, आणि ती आपल्यामुळे मिळतात याचा साक्षीला अभिमान होता. कामाला आपल्याला नेत नाहीत आणि नाव मात्र जातं, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

तिनं भाऊंना फोन लावला. ते नाशिकला दुसऱ्या कामावर होते. नाव फक्त परवानगीपुरतं दिलंय, तुला सुट्टी होती म्हणून सांगितलं नाही, आणि तिथं नूर महंमद आहे, त्याचे हात तुझ्या वयापेक्षा जुने आहेत, असं ते हसत म्हणाले. फर्ममधले सगळ्यात जुने कारागीर नूरचाचा तिथं आहेत हे ऐकून तिला थोडा धीर आला. पण तो टिकला नाही. नूरचाचा खरंच तिथं असते तर बायका वॉलखाली बसल्या नसत्या.

वडील मोतीलाल गॉगल लावून खाटेवर पडले होते. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना धड दिसत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तू तिथं नव्हतीस," ते म्हणाले. "मग तुझ्यावर कसं येईल?"

"बाबा, मी नव्हते, पण माझं नाव तिथं आहे. त्या बाया माझ्या नावाखाली बसल्यात."

मोतीलालांनी हातानंच जा म्हणून खूण केली.

धुळ्याची एसटी मिळाली. खिडकीशी जागाही मिळाली. एरंडोलपर्यंत ती नुसती रस्त्याकडेची झाडं बघत होती. एप्रिलचे शेवटचे दिवस होते. लिंबाची पानं हलत नव्हती, तेव्हा तिला बरं वाटायचं. कुठं एखादा कागद किंवा प्लास्टिकची पिशवी रस्त्यावरून घरंगळत गेली की साक्षी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायची. उघड्यावर टांगलेली वॉल सुपासारखी वारा धरते. तिला जे शिकवलं होतं त्यात हेच सगळ्यात पहिलं होतं. खांब स्वतःच्या बळावर उभे राहत नाहीत, पायथ्याशी ठेवलेल्या वजनामुळे उभे राहतात. वजन किती ठेवलंय हे फोटोत कळत नव्हतं. फोटो मोठा करून करून तिनं पाहिला. पायथ्याशी वजनासाठी ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. टाक्या आहेत म्हणजे बरंच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. पारोळ्याला बस थांबली, चहावाल्याच्या टपरीवरचं फडकं फडफडलं, आणि तिनं फोटो पुन्हा उघडला.

तिला आणखी एक भीती होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आपलंच चुकत असलं तर? परीक्षा पास झाली म्हणून काय, असलं काम तिनं एकटीनं कधी केलं नव्हतं. धुळ्याला जाऊन सगळं नीट निघालं तर लोक हसतील, आणि नीट नसताना आपल्या लक्षातच आलं नाही तर?

मैदानाच्या फाटकाशी वृषाली उभी होती. तिशीतली, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली. साक्षीला पाहून तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. साक्षीनं तिला नमस्कार केला आणि सरळ वॉलकडे गेली.

जवळून ती आणखी उंच वाटत होती. नूरचाचा पाठीमागे, खांबाच्या बाजूला स्टुलावर बसले होते. साक्षीला ट्रसवर चढायला त्यांनीच शिकवलं होतं. मेहरूणमध्ये दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. एरवी तिला पाहिलं की त्यांचा चेहरा खुलायचा. आज त्यांनी मान खाली घातली.

साक्षीनं पहिल्या टाकीवर बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहिलं. टाकीतून पोकळ आवाज आला. दुसऱ्या टाकीलाही तसाच आला. तिसरीत तळाला थोडं पाणी होतं, तिला लाथ मारली तर ती जागेवरून हलली.

"टँकर आला नाही बेटा," नूरचाचा म्हणाले. "काल रात्रीपासून येतो येतो म्हणतायत. भाऊ म्हणाले, तोवर उभी करून घ्या, पाणी नंतर भरू."

"तुम्ही का चढवली चाचा?"

चाचांनी रिकाम्या टाकीवर हात ठेवला. "मी नाही म्हटलं तर भाऊ दुसऱ्याला बोलावतो. तो चढवतो. मग मी घरी. तू नाही म्हटलं तर परवानगीच जाते. माझ्या नाहीला काय वजन आहे?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "सकाळपासून मी इथून उठलो नाही. मला वाटलं, निदान पडायला लागली तर ओरडायला तरी कोणी पाहिजे."

ज्या माणसाला तिनं पन्नास फूट उंच ट्रसवर बसून विडी पेटवताना पाहिलं होतं तो माणूस घाबरलेला होता.

तिनं मोबाइलवर हिशेब मांडला. वॉलचं क्षेत्रफळ, उंची, टाक्यांतलं पाणी अंदाजानं. पहिल्यांदा उत्तर आलं की साधा वारा ही वॉल सोसेल. दुसऱ्यांदा केलं तर सोसणार नाही असं आलं. कुठलं बरोबर, ते तिला ठरवता येईना. तिसऱ्यांदा करायचं तिला धैर्य झालं नाही. दोन उत्तरं येत असतील तर ज्यात बायका लांब बसतात ते धरायचं, एवढंच तिनं ठरवलं.

भाऊंचा फोन आला तेव्हा ते हसत नव्हते. टँकर तासाभरात येतोय, तमाशा करू नकोस, पाहुणे निघालेत, असं ते म्हणाले. तू वॉल उतरवलीस तर खान्देशात तुला कुणी दारात उभं करणार नाही, हेही म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. तासाभरात वारा येणार नाही हे तुम्ही मला लिहून द्याल का, असं विचारायचं तिच्या मनात आलं, पण न विचारताच तिनं फोन बंद केला.

मग ती वृषालीकडे गेली आणि वॉल उतरवावी लागेल असं सांगितलं. वृषाली आधी समजलीच नाही, आणि समजल्यावर चिडली. गावागावांतून बायका आल्या होत्या, त्यांच्या कामाची फिल्म त्या पडद्यावर दिसणार होती, महिनाभर तिनं त्यासाठी धावपळ केली होती. ती म्हणाली, "मला एकच सांगा. ती पडेल का?"

"ते मला सांगता येत नाही," साक्षी म्हणाली. "पण पडणार नाही, असं मी सांगू शकत नाही. आणि पडणार नाही हे मी सांगितलंय, असं धरूनच तुम्हाला परवानगी मिळालीय."

वृषालीनं वॉलकडे पाहिलं. मग तिच्या सावलीत बसलेल्या बायकांकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सकाळपासून आपण स्वतःच त्यांना सावलीत बसा म्हणून तिकडे पाठवत होतो, हे तिला तेव्हा आठवलं असावं.

"आधी त्यांना उठवू," ती म्हणाली.

बायका उठायला तयार नव्हत्या. पुढच्या रांगेत सुंदरबाई नावाची एक म्हातारी होती, आपल्या गटाची अध्यक्ष. तिनं साक्षीला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "सावली तर आठेच शे ना वं बाई. तठे उन्हात काब्र बसानं?" सावली सोडून उन्हात का बसायचं, हा तिचा सवाल होता.

खरं सांगितलं तर चेंगराचेंगरी होईल, ही नवीनच भीती. साक्षीनं म्हातारीचा हात धरला. आपला हात कापतोय हे लपवणं तिला जमलं नाही. सुंदरबाईनं त्या हाताकडे पाहिलं, एकदा मान मागे टाकून वॉलकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकवून उठली. "चाला वं बठ्ठ्या," ती मागे वळून सगळ्यांना म्हणाली. ती उठली तशा बाकीच्या कुरकुरत उठल्या.

मैदानाचा तो भाग मोकळा झाल्यावर नूरचाचा आणि त्यांच्या दोन माणसांनी वॉल टांगलेल्या साखळ्या सोडायला घेतल्या. वॉल हळूहळू खाली येऊ लागली. एका बाजूला साखळी ओढली की दुसऱ्या बाजूला थांबायचं, मग दुसरी बाजू. साक्षी लांबून इशारे करत होती. तिला वाटत होतं, हे कधी संपतच नाही. वॉल अर्ध्यावर आली असेल, तेव्हा मैदानाच्या टोकाला धूळ उठली.

खान्देशात उन्हाळ्यात दुपारी वावटळ उठते, त्यात नवल काही नाही. पत्रावळी, पालापाचोळा घेऊन ती गिरक्या मारत व्यासपीठावरच्या लहान मांडवाच्या कडेकडेनं आली. मांडवाचं एक कापड फाटलं. वॉलनं पोट फुगवल्यासारखं केलं. डावीकडच्या खांबाचा पाया जमिनीवरून सुटला, त्यावरच्या रिकाम्या टाक्या घरंगळल्या, आणि खांब कलला. तो क्षणभर तसाच राहिला. नूरचाचा साखळी धरून त्याच्याच खाली होते. ते पळाले नाहीत. पळायला त्यांना सुचलं नाही की साखळी सोडली तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं, हे त्यांनी नंतरही कधी सांगितलं नाही. वावटळ रस्त्याकडे निघून गेली, आणि खांब धप्पकन जागेवर बसला.

कुणाला काही झालं नाही. वॉल खाली आली. तिचा एक कोपरा चेपला होता.

मेळावा झाला. फिल्म दाखवली नाही. पाहुणे साध्या माइकवर बोलले, मागे बसलेल्या बायकांना नीट ऐकूही आलं नाही. वृषाली इतकी गडबडीत होती की साक्षीशी तिचं पुन्हा बोलणं झालं नाही. टँकर आला तेव्हा बायका परतीच्या गाड्यांत बसत होत्या.

हितेंद्रभाऊंनी तिला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. त्यांचं म्हणणं होतं, वॉल उतरवायला घेतली म्हणूनच कलली, वर घट्ट होती तोवर काहीच झालं नव्हतं. फर्ममधल्या बऱ्याच जणांना ते पटलं. साक्षीलाही कधी कधी पटायचं. वर असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तिनं पुण्याला परीक्षा घेणाऱ्या संस्थेला कळवलं की, माझं नाव माझ्या गैरहजेरीत वापरलं गेलं. त्यांनी भाऊंना जाब विचारला, परवानगी देणाऱ्या कचेरीला कळवलं, आणि कचेरीनं पुढच्या कामांना साक्षीच्या नावाऐवजी खुद्द माणूस उभा करा असं सांगितलं. भाऊंना प्रमाणपत्र असलेला दुसरा माणूस मिळेना. त्यांच्या मोठ्या कामांना खीळ बसली. त्याचा साक्षीला आनंद झाला नाही. ते तिच्यावर डूख धरतील ही भीती तेवढी वाढली.

तिला एका कॉलेजच्या सभागृहात काम मिळालं. पगार बरा होता, वर छप्पर होतं. तरीही बाहेर वारा सुटला की ती हातातलं काम थांबवून ऐकायची.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी नूरचाचा घरी आले. मोतीलालांनी त्यांना खुर्ची दिली. ते खुर्चीच्या कडेवर बसले. चहा अर्धा पिऊन त्यांनी विचारलं, ती परीक्षा मराठीत होते का, आणि या वयाच्या माणसाला बसू देतात का.

बसू देतात, साक्षी म्हणाली. हात चालवून दाखवायचं तुम्हाला अवघड नाही, पण एक पेपर लिहावा लागतो.

"लिहायची भीती वाटते," नूरचाचा म्हणाले. एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. "उंचीवर कधी वाटली नाही. पण त्या दिवशी खाली उभं राहून वाटली."

साक्षी आत गेली आणि आपली पुस्तकं घेऊन आली. पहिलं पान उघडून तिनं त्यांच्यासमोर ठेवलं. नूरचाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि अडखळत वाचायला लागले.