प्रयागाक्काच्या गिरणीतला करंट

झुंबरबाईच्या अंगात आलं ते गिरणीत, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

नवरात्र निम्मं सरलं होतं. उपासाची भगर दळायला झुंबरबाई शेजारच्या गिरणीत गेली. डबा रिकामा करताना तिनं धान्य ओतायच्या हॉपरच्या पत्र्याला हात टेकला आणि 'आई गं' करून जी ताठ झाली ती घुमायलाच लागली. डबा एकीकडं, भगर एकीकडं. दुसऱ्या दिवशी सारजाबाईच्या हाताला झिणझिण्या आल्या, तिनंही डोळे फिरवले. झालं. गिरणीला कुंकू लागलं, हॉपरला खण बांधला, बाया दळणाबरोबर नारळ घेऊन यायला लागल्या.

सत्त्याण्णव साल. खोडदच्या माळावर आभाळातला आवाज ऐकायला रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या थाळ्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यातल्या या वाडीत मोटरीत देवी आली होती. कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. देवी आली म्हटलं की तपासायचं काम संपतं ना. आपल्याकडं काम संपवायची घाई लई.

माझं जुन्नरच्या बाजारपेठेत मोटर रिवायंडिंगचं दुकान. प्रयागाक्का माझ्या गावची, गिरणीवाल्या धर्माजीला दिलेली. अष्टमीला ती एसटीनं उतरून थेट दुकानात आली. पाय अनवाणी, डांबरानं टाचा काळ्या झालेल्या.

"सोपाना, माझ्या गिरणीत देवी आलीय म्हणत्यात," ती म्हणाली.

"मग माझ्याकडं कशाला आलीस? भगताकडं जा."

"भगताला मोटर उघडता येती का?" असं म्हणून ती स्टुलावर बसली. "हे बघ, देवी असंल तर माझ्या डोक्यावर. पण सकाळी दळताना मशीन गार आसतं आन दुपारी त्याच मशीनला हात लावला की कोपरापातुर मुंग्या. देवीला काय दुपारचीच सवड आसती?"

"वायरमन दाखवला का कुणी?"

"एक आला व्हता सकाळच्याला. टेस्टर टेकवला, म्हणला कायबी न्हाई, आन चा पिऊन गेला."

सकाळी. जेव्हा करंट नसतो तेव्हा येऊन करंट नाही म्हणून सांगणारा. असल्या वायरमनाला मी एरवी दारात उभा करत नाही.

"आक्का, हे पहिल्यांदाच व्हायला लागलं?"

"ह्याच नवरात्रात."

मी तिच्या पायांकडं बघितलं आणि माझं डोकं सटकलं. एरवी ती रबरी चपला घालून लाकडी फळीवर उभी राहून दळते. नवरात्रात आमच्याकडं निम्म्या बाया चपला सोडतात, दसऱ्यापर्यंत अनवाणी. आक्काही सोडते. वर, ती म्हणाली, गिरणी उपासाच्या दळणासाठी रोज धुऊन काढायची म्हणून फळी बाहेर उन्हात टाकलेली. म्हणजे करंट कदाचित आधीही असेल, पण रबरानं आणि फळीनं तो तिच्यापर्यंत येऊ दिला नव्हता. आता ओली फरशी, उघडे पाय आणि पत्र्यावर हात.

"चपला घाल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. बाजूच्या दुकानातून आणतो."

"दसऱ्यापातुर न्हाई."

"आक्का, मरशील."

"म्हणून तर आलेय तुझ्याकडं. नवस मोडायला न्हाई आले." मग जरा आवाज खाली करून म्हणाली, "उद्या खंडेनवमी. मशीनची पूजा. ह्यांनी सगळ्या आळीला सांगितलंय. पूजा झाली की मला मशीनवर डोकं टेकावं लागल, दर सालाला टेकते. हात तर निसटतो सोपाना. डोकं टेकल्यावर काय?"

करंट लागून चिकटलेली माणसं मी मोटरीवरून सोडवलीत. त्यातलं एक उठलं नाही. तिला ते सांगितलं नाही. उद्या दुपारच्या आत येतो म्हणालो, आणि तोवर गिरणी बंद ठेव.

नवमीला माझी एम-एटी गाडी वाडीत पोचली तेव्हा गिरणीपुढं मांडव होता. मशीन धुऊन पुसून लखलखीत, त्यावर झेंडूच्या माळा. फरशीवर अजून पाणी. धर्माजी धुतलेलं धोतर नेसून ताट घेऊन उभा.

"या पावणं," तो म्हणाला, "पूजेला आलात का देवीची परीक्षा घ्यायला?"

"देवीची नाही, मशीनची. दाजी, माळा काढा आणि सगळे बाहेर व्हा."

"बारा वाजायच्या आत पूजा उरकायचीय!"

"उरका की. बायको बाहेर ठेवा आणि तुम्ही टेका डोकं."

धर्माजी माळा काढायला लागला. देवीवर श्रद्धा होती, पण स्वतःच्या कपाळापुरती नव्हती. आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना मी तिथंच सुनावलं की हसू नका, रोज याच पत्र्याला हात लावून जाता, पोरांना बरोबर आणता. बाया मागं सरल्या. आक्का मात्र दाराच्या उंबऱ्याबाहेर ठिय्या मारून बसली.

फळी आत आणून कोरडी पुसली, तिच्यावर उभा राहिलो. हातात रबरी मोजे. टेस्टरच्या टोकाला बोट लागावं लागतं म्हणून तेवढ्यापुरता एक मोजा काढला. आधी टेस्टर मेनस्विचच्या चालू फेजला लावला. पेटला. म्हणजे टेस्टर जिवंत आहे. मेलेल्या टेस्टरनं तपासून कितीतरी माणसं मेलीत. मग मशीनच्या अंगाला लावला. पेटला, फिक्का पण पेटला. मोजा परत चढवला.

"हाय का न्हाई?" आक्कानं बाहेरून विचारलं.

"हाय."

"बघा!" धर्माजी म्हणाला. त्याला वाटलं मी देवीबद्दल बोलतोय.

माझा हिशोब सरळ होता. मोटरीचं वायंडिंग जळालं असणार आणि अंगाला लागलं असणार. मी मेनस्विच पाडला, आतले तिन्ही किटकॅट उपसून स्वतःच्या खिशात घातले. हे फ्यूज मी कुणाच्या हातात देत नाही आणि स्विचवर ठेवतही नाही. कुणीतरी शहाणा 'लाईट गेली वाटतं' म्हणून परत लावतो. किटकॅट खिशात म्हणजे गिरणी माझ्या खिशात.

आता मोटर उघडायची. मोजे घालून नट फिरत नाहीत, म्हणून एक मोजा काढला. पाना घेतला. पण उघडायच्या आधी परत तपासायचं ही माझी खोड. दुकानात पोरं त्यावरून मला हसतात. बाहेरच्या बोअरच्या लोखंडी पाइपाला एक वायर बांधली, ती बल्बच्या होल्डरला जोडली, होल्डरची दुसरी वायर मशीनला टेकवली.

बल्ब पेटला.

मी खिसा चाचपला. तिन्ही किटकॅट खिशातच. मेनस्विच खाली. गिरणीत लाईट येण्याची वाट बंद, तरी गिरणीच्या अंगावर लाईट. माझ्या काढलेल्या मोज्याकडं बघितलं आणि तो हातात परत चढवला.

"काय झालं रं?" आक्का उभी राहिली.

"उंबरा ओलांडू नको!"

धर्माजीनं आत डोकावलं, खाली पडलेला स्विच बघितला, पेटलेला बल्ब बघितला, आणि ताटासकट हात जोडले. "आता तरी पटलं का? फ्यूज काढून बी तेज हाय!"

मागं बायांनी 'उदो उदो' केलं. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. कारण त्या घडीला माझ्याकडंही उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलेल्या माणसापुढं 'उदो उदो'चा आवाज लई मोठा होतो.

तेवढ्यात बल्ब विझला. मी काहीच केलं नव्हतं.

"गेला करंट," धर्माजी म्हणाला. "आई शांत झाली. प्रयागा, ये, टेक डोकं, मुहूर्त जाईल."

आणि आक्का खरंच उठली. नऊ दिवसांचा उपास, एवढी माणसं, नवऱ्याचा शब्द. उंबऱ्यात एक पाय आत आला. फरशी ओली. मी दोन्ही हात आडवे धरून तिच्यापुढं उभा राहिलो.

"आक्का, गेलेला करंट गेला नसतो. तो का गेला ते कळेपर्यंत तो इथंच असतो."

तिनं पाय मागं घेतला.

मागून झुंबरबाईचा आवाज आला. ती नुकतीच घरून येत होती. "झाली का वं पूजा? मी म्हणलं आज सकाळीच पिच्चर लागलाय तर थोडा बघावा, पण आवाज आला उदो उदोचा, म्हणून बंद करून पळत आले."

"काय बंद केलं?" मी विचारलं.

"टीवी."

"झुंबरबाई, परत जा आणि टीव्ही लावा."

"आता? पूजेच्या टायमाला?"

"लावा म्हणतो ना!"

"या बया, येडं हाय का काय हे," असं पुटपुटत ती गेली. मी होल्डरची वायर परत मशीनला टेकवली. भिंतीपलीकडून खरखर आली, मग कुणी हिंदीत 'माँ, मैं आ गया' म्हणून ओरडलं, आणि माझ्या हातातला बल्ब पेटला.

"बंद करा!" मी ओरडलो.

हिंदी गप्प. बल्ब गप्प.

मग आक्काच बोलली, "म्हंजे झुंबरबाईच्या अंगात झुंबरबाईचाच टीवी आला व्हता?"

हसू असं फुटलं की मांडवाचा बांबू हलला. मी हसलो नाही. मला गेणभाऊ पाहिजे होता, झुंबरबाईचा नवरा.

गिरणीमागं अर्थिंगचा खड्डा. मशीनच्या अंगावर चुकून करंट आला तर तो जमिनीत उतरून जावा म्हणून तिथून वायर आत येते. मी वरची फरशी काठीनं सरकवली. अर्थिंगच्या पट्टीला एकाच्या जागी दोन वायरी. एक गिरणीत गेलेली. दुसरी, काळी, शेणमातीत बुजवलेली, कुंपणाखालून थेट गेणभाऊच्या गोठ्याच्या भिंतीत.

"गेणभाऊ, ही काय भानगड?"

गेणभाऊ टोपी मागं सरकवून पुढं आला. "न्यूट्रल तुटला ना राव माझा. कडब्याची ट्राली गेली, खांबावरनं येणारी वायर घेऊन गेली. करंट आणणारा फेज राह्यला, परत नेणारा न्यूट्रल गेला. म्हणलं दसरा झाला की अर्ज देऊ. तवर धर्माजीच्या अर्थिंगला जोडली. आळीत त्याच्यासारखं अर्थिंग न्हाई, प्रयागा दर हप्त्याला मीठ-पाणी घालती. टीवी झकास चालतोय."

"विचारलं होतं?"

"त्यात काय विचारायचं? लाईट थोडीच चोरली. जमीन तर सगळ्यांचीच हाय."

मी त्याला तिथंच उभा-आडवा घेतला. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: दुपारी टीव्ही लावलास की त्यातून निघालेला करंट या वायरीनं इथं येतो. जमिनीनं ओढून घेतला तर ठीक. नाही घेतला तर दुसऱ्या वायरीनं गिरणीत जातो आणि हात लावणाऱ्या बाईच्या अंगातून जमीन शोधतो. तुझ्या बायकोच्या अंगातून गेला. तिचा हात सुटला म्हणून ती आज पिच्चर बघतेय.

गेणभाऊचं तोंड उतरलं. तो झुंबरबाईकडं वळला. "मला काय म्हाईत राव," एवढंच म्हणाला, पण ते मला नाही, तिला म्हणाला.

आधी त्याच्या घरात जाऊन त्याचा फ्यूज काढला, तोही खिशात. बल्बनं तपासलं, मग ती काळी वायर तोडली. पट्टी उपसली तर जमिनीत दोन वितीवर गंजून तुटत आलेली, एका धाग्यावर. इतकी वर्षं आक्कानं मायेनं घातलेलं मीठ पट्टी खात होतं. मीठ घालायचं हे सगळे सांगतात. कधीतरी उकरून बघायचं हे कुणी सांगत नाही.

खड्डा गेणभाऊनं खणला. त्याला सांगावं लागलं नाही. धर्माजीनं धोतर खोचून कोळसा ओतला. नवा पाइप गाडला, नवी वायर घेतली, मोटर करंटची गळती मोजणाऱ्या मेगरनं तपासली. मोटर बिचारी निरोगी होती. मग किटकॅट खिशातून काढून लावले, गिरणी चालू केली, बल्ब मशीनला टेकवला. विझलेला. टेस्टर फेजवर पेटतो का बघितलं, पेटला. मशीनवर, नाही. परत फेजवर, पेटला. मशीनवर, नाही.

बारा कधीच वाजून गेले होते. मुहूर्ताचं नाव कुणी काढलं नाही.

"फळी टाकू का पायाखाली?" मी आक्काला विचारलं.

"तू तपासलं ना?"

"तपासलं."

"मग राहू दे."

ती आत गेली. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. हात पुढं केला आणि पत्र्यापासून बोटभर अंतरावर थांबवला. आपण तपासलेल्या गोष्टीवर दुसऱ्यानं जीव टेकवायचा असतो तेव्हा कळतं तपासणं म्हणजे काय. आक्कानं डोळे मिटले आणि हात नाही, सरळ कपाळच टेकवलं.

टेकवलं ते उचलेना. बाहेर धर्माजीच्या हातातलं ताट वाजायला लागलं.

"आक्का?"

"थांब जरा," ती तशीच वाकून म्हणाली. मग हळूच उठली. कपाळाला पीठ आणि कुंकू, डोळ्यांत पाणी.

"काय लागलं गं?" झुंबरबाईनं दबकत विचारलं.

"कायबी न्हाई," आक्का हसली. "नुसतं गार लोखंड."