दारात चार मिनिटं

पडद्यावरचं माणूस धाय मोकलून रडायला लागलं की प्रेक्षक घड्याळ बघतात, आणि ते रडत नाही तेव्हा प्रेक्षक रडतात, असं हा दिग्दर्शक ज्याला त्याला ऐकवायचा. नव्या सिनेमातल्या एका प्रसंगावर तर स्वारी इतकी खूश होती की विचारू नका. एक बाई स्वयंपाकघरात बसून नवऱ्याच्या गोळ्या डबीत भरतेय. आठवड्याचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळ आणि रात्र. बुधवारपर्यंत भरून होतं आणि इस्पितळातून फोन येतो. नवरा गेला. बाई ‘हो, बरं’ म्हणते, फोन ठेवते आणि गुरुवार भरायला घेते. मग शुक्रवार. शनिवारी रात्रीची अर्धी गोळी कमी पडते, तर एक गोळी सुरीने कापते. झाकणं लावते. बस्स, एवढंच.

नटी गुणी होती, पण पहिल्या चार टेकमध्ये ढसाढसा रडली. हा म्हणाला, “ताई, तुम्ही फक्त गोळ्या मोजा. रडायचं काम लोकांवर सोडा.” पाचव्या वेळी ती रडली नाही, आणि जेवणाच्या सुट्टीशिवाय कशानेही न हलणारा लाइटवाला तोंड फिरवून नाक पुसायला लागला. संकलक म्हणाला, फार लांबतंय, अर्धं कापू. हा हटून बसला. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं.

“सुचतं कसं हो तुम्हाला?” कुणी विचारलं की तो हसून विषय बदलायचा. सुचलंबिचलं काही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ इस्पितळात होता. वहिनीला तिकडे न्यायला हा दुपारी गाडी घेऊन आला. दार नुसतं लोटलेलं. आत गेला तर वहिनी फोनवर ‘हो, बरं’ म्हणत होती, आणि त्या आवाजावरूनच तो समजला. स्वयंपाकघराच्या दारात थबकला. ती टेबलाशी पाठमोरी, जराशी तिरकी बसली होती. एक पाऊल टाकायचं होतं, ते त्याने टाकलं नाही. दादा गेला हे अजून काळजापर्यंत पोचायचं होतं, पण डोळे मात्र कामाला लागले होते. सुरी कुठली घेतली, अंगठा कसा दाबला, कुठलं झाकण दोनदा दाबावं लागलं. शेवटचं झाकण लागल्यावर तो आवाज न करता मागे सरला, जिना उतरला आणि किल्ल्या खुळखुळवत पुन्हा वर आला. वहिनीने त्याला बातमी सांगितली, फोन आला तेव्हा गोळ्या भरत होते एवढंच म्हणाली. तेव्हा तो रडला. अगदी मनापासून रडला, पण पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवूनही रडला.

निवडक लोकांसाठीच्या खेळाला त्याने वहिनीला बोलावलं. चोराच्या मनात चांदणं. घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडलं म्हणून ती रागावेल, अशी भीती होती. दादानंतर वडीलधारं म्हणावं असं तेवढंच एक माणूस त्याला उरलं होतं. दादाची आठवण म्हणून केलं, असं उत्तर त्याने घोकून ठेवलं होतं.

तो प्रसंग आला तेव्हा सगळं थिएटर मुसमुसत होतं. वहिनी तेवढी दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिली.

खेळ संपल्यावर बाहेर त्याने तिला गाठलं. “वहिनी, रागावलात?”

“छे हो. छान केलंय. ती मुलगी अगदी माझ्यासारखी बसते.”

त्याचा जीव भांड्यात पडला. “दादाची आठवण म्हणून...”

“भाऊजी, अर्ध्या गोळीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“दारात होतात तुम्ही.”

“हो.”

“कधीपासून?”

“फोन आला तेव्हापासून.” खोटं बोलायची सोय उरली नव्हती. एक क्षण न गाळता त्यानेच सगळं पडद्यावर दाखवलं होतं.

“मग आत का नाही आलात?”

त्या चार मिनिटांची बाजू त्याने संकलकापाशी मांडली होती, निर्मात्यापाशी मांडली होती. त्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं.

“बघत होतो, वहिनी.”

ती म्हणाली, “घरात कुणी नव्हतं म्हणून मी तशी वेड्यासारखी गोळ्या भरत बसले, अशी मी तीन वर्षं मनाची समजूत घालतेय. कुणी असतं तर हातातली सुरी काढून घेतली असती. जवळ बसलं असतं.”

“चुकलं माझं.”

“हो,” ती म्हणाली. एरवी ती ‘असू द्या हो’ म्हणायची. तिने पर्स खांद्याला लावली. “सोडायला येऊ नका. जाईन मी.”

काचेचं दार ढकलून ती बाहेर पडली. पहिल्या पायरीवर तिचा पाय अडखळला, तिने कठडा धरला, धरलेला हात एकदा निरखून पाहिला आणि मग खाली उतरली. हे सगळं त्याने नीट टिपलं. आपण पुन्हा बघतच उभे आहोत हे ध्यानात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. तो धावत पायऱ्या उतरला, पण तोवर तिची टॅक्सी निघून गेली होती.