स्वेच्छेने सोडले

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी शेवटची परीक्षा पास झाले, तेव्हापासून आमच्या चष्म्याच्या दुकानात ही बातमी ऐकल्याशिवाय कोणाला डोळे तपासून मिळेनात. "बायको फेब्रुवारीत पदवीधर होतेय," जोंग-ते, म्हणजे माझे यजमान, येईल त्याला सांगायचे. म्हातारी माणसं एक डोळा झाकून अक्षरं वाचता वाचता माझं अभिनंदन करायची. मी वरवर चिडायचे, आतून सुखावायचे. खोटं कशाला बोलू?

पंचवीस वर्षांपूर्वी माझं शिक्षण शेवटच्या सहामाहीच्या तोंडावर तुटलं. देगू शहरातलं आमचं मुलींचं कॉलेज, तिथे लग्न झालेल्या मुलीला वर्गात बसू देत नसत. नियमच होता तसा, आणि तो सगळ्यांना पाठ होता. पण सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्यांना जायच्या आधी सून बघायची होती, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत जोंग-तेंच्या गावी घाईघाईने आमचं लग्न लागलं. चार महिने लपवायचं, परीक्षा द्यायची आणि मग सांगायचं, असं ठरलं. कॉलेजात ही गोष्ट एकीलाच माहीत होती, बांग मी-रिमला. वसतिगृहात साडेतीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो होतो, हिवाळ्यात तर एकाच पांघरुणात झोपत होतो.

ऑगस्टच्या शेवटी जोंग-ते बाहेरून आले आणि बूट न काढताच म्हणाले, "इन-सुक, कॉलेजला कळलं. तुझं नाव काढून टाकलं."

कोणी सांगितलं, हे मी विचारलंसुद्धा नाही. माझा स्वभावच असा, एकदा डोक्यात बसलं की बसलं. त्यानंतर मी-रिमशी मी एक शब्द बोलले नाही. तिची आई वारली तेव्हा भेटायला गेले नाही. बाजारात ती समोरून आली की मी मासेवालीशी उगाच हुज्जत घालत पाठ करून उभी राहायचे, आणि घरी येऊन रडायचे. जोंग-ते पाठीवरून हात फिरवायचे. "जाऊ दे गं. काही माणसं असतातच तशी."

सासूबाई नंतर अकरा वर्षं जगल्या. त्यांचं सगळं मी केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बाई जिभेने तिखट होती पण मनाने सरळ होती.

मग तो नियम रद्द झाला आणि शिक्षण अर्धवट राहिलेल्या आम्हा जुन्या बायकांना कॉलेजने परत बोलावलं. पेपरातली बातमी मीच जोंग-तेंना वाचून दाखवली. त्यांनी पेपर माझ्या हातातून घेऊन स्वतः एकदा वाचला. मग म्हणाले, "जा. हौस पुरी कर." मी गेले. वर्गातल्या मुली मला ताई म्हणायच्या आणि माझ्या वह्या उतरवून घ्यायच्या. मी त्यांच्याहून जास्त गुण मिळवून दाखवले.

जानेवारीत कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला. जुने गुण पडताळायला त्यांनी तळघरातून माझी फाइल काढली होती. टेबलापलीकडची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची.

"मॅडम, लग्नामुळे नाव काढलं असं तुम्ही लिहिलंय. पण तसं नाहीये. तुम्ही स्वतःच सोडलंत."

"मी? काहीतरीच काय!"

"हा तुमचाच अर्ज आहे ना?"

'घरगुती अडचणीमुळे स्वेच्छेने कॉलेज सोडत आहे.' अक्षर जोंग-तेंचं. खाली सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का, लाल, ठसठशीत. कॉलेजात जाताना वडिलांनी कोरून दिलेला, कोपऱ्याचा टवका उडालेला, त्यामुळे ओळखायला कष्ट पडले नाहीत. लग्नाची नोंद करायला म्हणून त्या ऑगस्टातल्या एका सोमवारी मी तो जोंग-तेंच्या हातात दिला होता. अर्जावर तारीख दुसऱ्याच दिवसाची, मंगळवारची होती.

"माझ्याबद्दल कोणी कळवलं होतं का? चुगली वगैरे?"

तिने फाइल पुन्हा चाळली. "नाही हो. लग्नाचा कुठे उल्लेखच नाही. हा अर्ज आला नसता तर तुम्ही आरामात पास झाला असतात."

मी तडक दुकानात गेले. जोंग-ते एकटेच काच बसवत होते.

"मंगळवारी तुम्ही माझा शिक्का घेऊन कॉलेजात गेला होतात?"

कुठला मंगळवार, असं त्यांनी विचारलं नाही. हातातली काच पुसत राहिले. "आईला कोण बघणार होतं? तू सकाळी जाणार, संध्याकाळी उगवणार."

"मला विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, नाहीच म्हणाले असते!"

"मग?" ते अगदी साधेपणाने म्हणाले. मला तिथेच त्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

"आणि मी-रिम? पंचवीस वर्षं मी तिला शिव्या घातल्या आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात!"

"तिचं नाव तूच घेतलंस. मी कधी घेतलं? मी आपला गप्प बसलो. आणि आता मिळतेय ना पदवी? कशाला उकरून काढतेस?"

रविवारी मी मी-रिमच्या दारात उभी राहिले. ती आता शाळेत शिकवते. केस पांढरे झालेत. मी दारातच सगळं सांगून टाकलं, रडत, नाक पुसत.

"तुझा नवरा मला त्या दिवशी कॉलेजच्या फाटकात भेटला होता," ती म्हणाली. "म्हणाला, इन-सुकने पाठवलंय, अर्ज कुठे द्यायचा? मीच त्याला ऑफिसच्या खिडकीपर्यंत नेलं."

"तू?"

"मला वाटलं, तुला संसारच हवाय. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस म्हणून राग आला होता. नंतर वाटायचं, लाज वाटत असेल, म्हणून तोंड चुकवते. आणि तू मला चुगलखोर समजत होतीस? नवऱ्याचं सोड. तू मला ओळखत होतीस ना गं? एकदा तरी विचारायचंस."

मी म्हटलं, "पदवीदानाला येशील?"

"नाही," ती म्हणाली आणि हळूच दार लावून घेतलं.

पदवीदानाला कडाक्याची थंडी होती. अंगणात जिकडेतिकडे पोरी आपला झगा बापाच्या अंगावर चढवत होत्या, टोपी आईच्या डोक्यावर ठेवत होत्या आणि फोटो काढून घेत होत्या. ज्यांच्यामुळे शिक्षण झालं त्यांना द्यायचा तो मान. जोंग-ते नवा सूट घालून, हातात फुलं घेऊन आले आणि माझ्यासमोर मान वाकवून उभे राहिले.

"ठेव की टोपी. लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. टोपी मी डोक्यावर घट्ट दाबून बसवली. "अहो फोटोवाले, माझा एकटीचा काढा."

"साहेब, जरा बाजूला सरकता का?" फोटोवाला म्हणाला. ते फुलं घेऊन सरकले.

"मॅडम, हसा जरा!"

मला हसू आलं नाही. आत्ता शेजारी असावी अशी या शहरात एकच बाई होती, आणि 'तू सांगितलंस का' हे तिला मी पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.